बॅटरी शून्यावर आणायचा सल्ला आता तरी थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या पुरवणीत लॅपटॉपची बॅटरी कशी सांभाळावी यावर टिप्सची एक चौकट आली होती, ती वाचून हे पत्र लिहितोय. माझं काम लॅपटॉप दुरुस्तीचं, त्यामुळे बॅटरी हा विषय माझ्यापुढे रोजच असतो. चौकटीतल्या काही टिप्स बरोबर होत्या, काही अशा होत्या की पाळल्या काय नि नाही पाळल्या काय, पण तीन टिप्स मात्र धडधडीत चुकीच्या होत्या. एक म्हणजे बॅटरी पूर्ण शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, दुसरी म्हणजे नवीन लॅपटॉप आणला की आधी आठ तास चार्ज करा मगच चालू करा, आणि तिसरी म्हणजे बरेच दिवस वापरणार नसाल तर फुल चार्ज करून ठेवून द्या. पहिल्या आणि तिसऱ्या सल्ल्याने बॅटरी लवकर जाते, दुसऱ्याने फक्त आठ तास जातात. पेपरात छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार असं समजून लोक कात्रण काढून ठेवतात हो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर काटछाट करायला आपण मोकळे आहात.

आधी हे सल्ले आले कुठून ते सांगतो, कारण ते देणारे लोक काही मूर्ख नव्हते. पूर्वी लॅपटॉपला, कॉर्डलेस फोनला, व्हिडिओ कॅमेऱ्याला निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या आणि त्यांना एक खोड होती, अर्ध्यातून परत परत चार्ज केल्या की त्या आळशी व्हायच्या, अर्ध्यावर आल्या की व्होल्टेज पडायचं आणि मशीन बंद. याला मेमरी इफेक्ट म्हणायचे. त्यावर इलाज म्हणजे अधूनमधून बॅटरी पूर्ण उतरवायची आणि मग सलग कितीतरी तास चार्ज करायची. त्या बॅटरीसाठी सल्ला एकदम बरोबर होता. पण १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयनची बॅटरी बाजारात आणली आणि त्यानंतर हळूहळू सगळे लॅपटॉप, सगळे मोबाईल त्याच्यावर गेले. २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं ते याच बॅटरीसाठी, त्यातले गुडइनफ तर तेव्हा ९७ वर्षांचे होते. म्हणजे बॅटरी बदलली, तिला नोबेल मिळून गेलं, आणि आपण अजून निकेलच्या जमान्यातला सल्ला छापतोय.

लिथियम-आयनला त्या अर्थाने मेमरी इफेक्ट नसतो. तिचं दुखणं वेगळं आहे आणि ते एकदा समजलं की टिप्स पाठ करायची गरजच राहत नाही. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक उष्णता आणि दुसरं म्हणजे काठोकाठ भरलेलं किंवा पार रिकामं राहणं. दोन्ही एकत्र आलं, म्हणजे शंभर टक्के भरलेली आणि वर गरम, तर मग बघायलाच नको.

असं का होतं ते सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो. बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टचं लिथियमवालं ऑक्साइड, मधे एक पातळ पडदा आणि सगळीकडे भिनलेलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन ज्यातून ये-जा करतात तो द्रव. आपण चार्जिंगला लावतो तेव्हा लिथियमचे आयन त्या ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमधे जाऊन बसतात, वापरताना उलटे परत येतात. रिकाम्या बसमधे पहिले प्रवासी पटापट चढून बसतात आणि शेवटचे दहाबारा जण दाटीवाटीने, एकेक करून आत घुसतात ना, तसंच हे. म्हणून तर २० पासून ८० टक्के भराभर होतं आणि शेवटच्या वीस टक्क्यांना जीव जातो. सेलचं व्होल्टेज साधारण ३.६ ते ३.७ धरतात, पूर्ण भरला की बहुतेक सेल ४.२ व्होल्टला पोचतात (हल्लीचे काही त्याच्याही वर जातात). चार्जर आधी एकसारखा करंट देतो, व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी करत नेतो, आणि करंट अगदी थोडा उरला की बंद.

आता ग्रॅफाइटवर एक बारीक थर असतो, पहिल्यांदा फॅक्टरीत चार्ज करताना तो तयार होतो आणि तो लागतोच, त्याच्याशिवाय बॅटरी चालणार नाही. पण हा थर पुढेही हळूहळू वाढतच राहतो आणि वाढताना थोडं थोडं लिथियम कायमचं खाऊन टाकतो. तिकडे दुसऱ्या टोकाला जास्त व्होल्टेजवर इलेक्ट्रोलाइट खराब होत राहतं. म्हणजे बॅटरी जास्त भरलेली असेल तितका हा खराब होण्याचा वेग जास्त, आणि तापमान वाढलं की तो आणखी वाढतो, केमिस्ट्रीत ढोबळ अंदाज असा की दहा अंशांनी तापमान वाढलं की रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरी वापरा नाहीतर कपाटात ठेवा, हे चालूच असतं. म्हणून "मी तर लॅपटॉप फारसा वापरलाच नाही, तरी बॅटरी कशी गेली" असं कोणी विचारलं तर आम्ही एवढंच विचारतो की ठेवला होता कसा, फुल चार्ज करून? उत्तर जवळपास नेहमीच हो असतं.

तर तुमच्या चौकटीतली तिसरी टीप ही अशी उलटी पडते. दोनचार महिने लॅपटॉप बंद ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज ठेवून, पूर्ण शटडाऊन करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचा. फार महिने राहणार असेल तर मधे एकदा बघून परत निम्म्यावर आणायचा. पार शून्यावर ठेवून द्यायचा नाही हे पण तितकंच महत्त्वाचं. स्क्रीनवर शून्य टक्के दिसतं तेव्हा सेल खरा रिकामा झालेला नसतो, सर्किट त्याआधीच तोडतं, सेलमधे अजून तीनेक व्होल्ट शिल्लक असतात. पण तसाच महिनोन्महिने पडला तर सेल आपोआप थोडा उतरतो, आणि ते संरक्षण करणारं सर्किट स्वतः पण थेंब थेंब करंट घेत असतं, त्यामुळे व्होल्टेज घसरत घसरत इतकं खाली जातं की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. असा सेल परत चार्ज करणं धोक्याचं असतं, आत शॉर्ट होऊ शकतो, म्हणून मग बॅटरीतलं सर्किटच चार्जिंग घेत नाही. लोक म्हणतात बॅटरी अचानक मेली. अचानक काही नाही, कपाटात पडल्या पडल्या मेली.

पहिल्या टीपेचं, म्हणजे दरवेळी शून्यावर आणायचं, त्याचं तर नुकसान रोजचं आहे. लिथियमच्या बॅटरीला लहान लहान घोट आवडतात. ७० वरून ४० पर्यंत वापरली, परत ७० वर नेली, तिला काही फरक पडत नाही. सायकल सायकल म्हणतात तिच्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. वायर एकदा लावली काढली की एक सायकल झाली असं लोकांना वाटतं आणि मग ते वायर लावायलाच घाबरतात, सायकल वाचवायला. अहो सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज पन्नास टक्के वापरून परत भरली आणि उद्या परत पन्नास टक्के वापरून भरली तर दोन्ही मिळून एक सायकल. बऱ्याच लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलपर्यंत मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के राहतील अशा हिशोबाने बनवलेल्या असतात, ॲपल मॅकबुकच्या बॅटरीला १००० सायकल सांगतं. पण हे आकडे म्हणजे काही एक्सपायरी डेट नव्हे. नीट ठेवलेली बॅटरी त्याच्या पुढे पण जाते आणि तापवलेली बॅटरी दोनशेतच बसते.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, कायम चार्जिंगला लावून ठेवलं तर चालतं का. यावर घराघरात भांडणं होतात, एक म्हणतो बॅटरी फुल झाली वायर काढ, दुसरा म्हणतो राहू दे काही होत नाही, आणि गंमत म्हणजे दोघेही थोडे थोडे बरोबर असतात. ओव्हरचार्ज होऊन बॅटरी फुटेल ही भीती सोडून द्या, बॅटरीच्या आतच सर्किट असतं, भरली की चार्जिंग तोडतं, आणि त्यानंतर लॅपटॉप सरळ ॲडॉप्टरच्या करंटवर चालतो. बऱ्याच लॅपटॉपमधे शंभरवरून दोनचार टक्के खाली आल्याशिवाय परत चार्जिंग सुरूच होत नाही, स्क्रीनवर "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं दिसतं आणि लोक चार्जर बिघडला म्हणून पळत येतात. काही बिघडलेलं नसतं. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर बॅटरी दिवसरात्र शंभर टक्क्यांवर बसून राहते आणि लॅपटॉप चालू असल्यामुळे ती गरम पण असते, म्हणजे वर सांगितलेली दोन्ही दुखणी एकत्र. कायम टेबलावर, कायम वायर लावून वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांत फुगून येते ती याच्यामुळे. "दादा, मी तर बॅटरीवर कधी चालवलाच नाही, मग खराब कशी झाली?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता उत्तर छापून भिंतीवर लावावं असं वाटतं.

याच्यावर वायर सारखी काढत-लावत बसायची गरज नाही, इलाज लॅपटॉपमधेच दिलेला आहे आणि नव्वद टक्के लोकांनी तो कधी उघडून बघितलेला नसतो (नव्वद हा माझा अंदाज हं, कोणी सर्व्हे केलेला नाही). चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर, नाहीतर साठवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्या देतात. लेनोवोमधे व्हँटेज नावाचं ॲप असतं त्यात कन्झर्व्हेशन मोड आहे. आसुसच्या मायआसुस ॲपमधे बॅटरी हेल्थ चार्जिंग आहे. डेलमधे बायोसमधे (लॅपटॉप चालू होताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) किंवा त्यांच्या ॲपमधे "प्रायमरिली एसी यूज" असा पर्याय असतो, म्हणजे मुख्यतः वायर लावूनच वापरणाऱ्यांसाठी. एचपीच्या बऱ्याच ऑफिसवाल्या मॉडेलांमधे बायोसमधे बॅटरी हेल्थ मॅनेजर सापडतं. मॅकमधे ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग असतं, ते तुमची सवय बघून ऐंशीच्या पुढचं चार्जिंग लांबवतं. मॉडेलप्रमाणे नावं थोडी बदलतात, जुन्या मॉडेलांमधे सोय नसते, पण तरी पाच मिनिटं शोधायला काय जातं. एकदा ऐंशीची मर्यादा लावली की वायर दिवसभर राहू दे, आठवडाभर राहू दे, डोक्याला ताप नाही. ज्या दिवशी बाहेर जायचंय, प्रवास आहे, त्याच्या आदल्या रात्री नको, निघायच्या दीडदोन तास आधी मर्यादा काढून शंभर करायची आणि बिनधास्त जायचं. शंभर टक्के करणं हा गुन्हा नाही, शंभर टक्क्यांवर मुक्काम ठोकणं वाईट.

आणि ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी फार हळवं होऊ नये. सकाळी चार्ज केली, दुपारपर्यंत बॅटरीवर वापरली, वीसतीस टक्क्यांवर आली की परत लावली, इतकं पुरे. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. रात्री अलार्म लावून उठून स्विच बंद करणारे लोक मी बघितलेत, त्यांची झोप बॅटरीपेक्षा महाग आहे असं माझं स्पष्ट मत.

उष्णतेबद्दल तुमच्या चौकटीत एक ओळ नव्हती, त्याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं, कारण मी उघडतो त्यातल्या बहुतेक खराब बॅटऱ्या उष्णतेच्याच बळी असतात. लॅपटॉप गादीवर, उशीवर, पांघरुणावर ठेवून वापरला की खालची हवा घ्यायची जाळी बंद होते, फॅन कितीही फिरला तरी आत गरमच हवा फिरते. आणि बॅटरी असते कुठे, तर टाईप करताना तळहात टेकतो त्या भागाखाली, टचपॅडच्या आजूबाजूला, प्रोसेसरपासून हातभर पण लांब नाही. गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना चार्जिंग पण चालू असेल तर प्रोसेसरची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता दोन्ही बॅटरीवर. फॅनमधे धूळ साचून तिची गादीसारखी वळी झालेली असते ती काढली तरी लॅपटॉप किती गार पडतो ते एकदा अनुभवाच. उन्हात बंद गाडीत लॅपटॉप ठेवून जाणं तर कृपा करून बंद करा.

अजून एक प्रकार आहे जो लोकांच्या लक्षातच येत नाही. हल्लीच्या लॅपटॉपचं झाकण लावलं की तो पूर्ण झोपत नाही, मोबाईलसारखा अर्धा जागा राहतो, मधेच उठून अपडेट घेतो, मेल बघतो. तो तसाच बॅगेत घातला, बॅग बंद, आत हवा नाही, आणि तो आत उठून काम करत बसला की बॅगेतून काढताना चटका बसेल इतका गरम निघतो आणि बॅटरी पण उतरलेली. बॅगेत टाकायचा असेल तर शटडाऊन करा नाहीतर हायबरनेट, झाकण लावण्यावर विसंबू नका. आणि चार्जर लावलेला लॅपटॉप बॅगेत तर चुकूनही नको. थंडीचं म्हणाल तर वापरताना बॅकअप कमी मिळतो, तो ऊब आली की परत येतो, पण शून्य अंशाच्या खाली चार्जिंग करायचं नसतं, ग्रॅफाइटच्या आत जायच्याऐवजी लिथियम धातू होऊन वरच साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. गारठलेला लॅपटॉप घरात आणून थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग लावायचा.

चार्जरचं थोडक्यात. गोल पिनवाला चार्जर असेल तर व्होल्ट मूळच्या चार्जरइतकेच पाहिजेत, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त चालतात, जास्त ॲम्पियरने काही जळत नाही, लॅपटॉप त्याला लागेल तेवढंच घेतो. टाइप-सी असेल तर चार्जर आणि लॅपटॉप आपापसात बोलून व्होल्टेज ठरवतात. कमी वॅटचा लावला, म्हणजे ६५ वॅटच्या लॅपटॉपला ३० वॅटचा, तर नुकसान नाही पण हळू भरेल, आणि जड काम चालू असेल तर वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत जाईल, त्याने घाबरू नका. वायर मुडपून, गुंडाळून, पिनेजवळ वाकवून वापरू नका, तिथली आतली तार तुटली की पिन गरम होते. डुप्लिकेट बॅटरीबद्दल मात्र मी कडक आहे. दिसायला हुबेहूब, स्टिकरवर मूळच्यापेक्षा जास्त क्षमता लिहिलेली, आणि वजनाला हातात घेतली की हलकी लागते. आतले सेल कसले आणि संरक्षणाचं सर्किट आहे का नाही याचा पत्ता नाही.

बॅटरीची तब्येत किती राहिलीय हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही, मशीन स्वतः सांगतं. विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, एक स्पेस सोडा, स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट लिहा (इंग्रजीत powercfg /batteryreport) आणि एंटर मारा. एक फाईल तयार होते, ती कुठे ठेवली ते खालीच लिहून येतं, ती ब्राउझरमधे उघडायची. त्यात डिझाईन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं) असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० आहे आणि दुसरा ४१,००० तर तब्येत ८२ टक्के. काही मशीनवर खाली सायकल काउंट पण दिसतो. मॅकमधे सिस्टिम इन्फर्मेशनमधे पॉवर या भागात हेच सगळं मिळतं. सेकंडहँड लॅपटॉप घेताना तर विकणाऱ्यासमोर हा रिपोर्ट काढून बघायचाच, त्याला राग आला तर येऊ दे. ऐंशीच्या खाली गेली म्हणजे लगेच बदलायची असंही नाही, तुम्हाला मिळणारा बॅकअप पुरतोय ना, मग चालू द्या की.

कधी कधी टक्के नाचतात, ३० वरून एकदम ५, किंवा ४० असताना मशीन बंद. यात दोन शक्यता असतात. एक म्हणजे टक्के मोजणाऱ्या चिपचा हिशोब चुकलाय. रोज ४० ते ८० मधेच फिरवली की तिला दोन्ही टोकं कुठे आहेत ते नीट कळत नाही. अशावेळी एकदा पूर्ण भरायची, मग वापरून खाली उतरू द्यायची आणि परत सलग भरायची, मीटर जागेवर येतं. शून्यावर आणायच्या त्या जुन्या सल्ल्याचा आता उरलेला उपयोग एवढाच, तोही काही महिन्यांतून एकदा, आणि त्याने मीटर सुधारतं, बॅटरी नाही. हे करूनही टक्के पडतच असतील तर मग सेल म्हातारे झालेत, आतला रेझिस्टन्स वाढलाय, लोड आला की व्होल्टेज कोसळतं. तिथे कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर जागेवर आणायच्या या प्रकाराची, कितीही पारायणं केली तरी उपयोग नाही, बॅटरी बदला.

आता फुगलेली बॅटरी, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॅपटॉपमधले सेल हल्ली बहुतेक चपट्या पाकिटासारखे असतात, वरून ॲल्युमिनियमचं पातळ आवरण. इलेक्ट्रोलाइट खराब होताना त्यातून गॅस तयार होतो, बाहेर जायला जागा नाही, मग पाकीट फुगतं. लोकांना वाटतं फुगली म्हणजे एकदम मोठी झालेली दिसेल. तसं नसतं, सुरुवात फार बारीक असते. टचपॅड नेहमीसारखा क्लिक होत नाही, दाबला तर कडक लागतो किंवा एका कोपऱ्याने वर आलेला असतो. सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप टाईप करताना डुगडुगतो. झाकण लावलं की पुढच्या बाजूला पूर्वी नव्हती ती फट दिसते. खालच्या कव्हरचा एखादा स्क्रू आपोआप ढिला झाल्यासारखा वाटतो. माझ्याकडे टचपॅड बदलायला म्हणून आलेल्या कितीतरी लॅपटॉपमधे टचपॅड ठणठणीत होता, खाली बॅटरी फुगली होती. कोणी कोणी तर वर आलेला टचपॅड अंगठ्याने दाबून परत बसवायचा प्रयत्न केलेला असतो, बापरे, आतला पडदा साधारण १० ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो हो, तो फाटला की दोन्ही टोकं एकत्र, आणि मग पेट घ्यायला वेळ लागत नाही. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा.

हे काही मी उगाच घाबरवत नाहीये. २००६ मध्ये डेलने सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, सेल सोनीचे होते, बनवताना आत धातूचे बारीक कण राहिल्यामुळे शॉर्ट होत होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या हातून होतं तर आपण घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन काय काय करू शकतो याचा विचार करा. म्हणून फुगल्याची शंका आली की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, परत चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचून हवा काढायचा तर विचारही नको, आणि जाणकाराकडे न्या. गादीवर किंवा कागदांच्या ढिगात ठेवू नका, फरशीवर मोकळ्या जागी ठेवा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्याच्या डब्यात नको, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिथे आग लागते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा किंवा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्यांकडे द्यायची.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढंच की सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, जवळच्या बॅगेत ठेवावी लागते, आणि १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) वेगळी परवानगी सहसा लागत नाही, १०० ते १६० मधे असेल तर विमान कंपनीला विचारावं लागतं. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वॅट-अवरच्या आसपास येऊन थांबलेल्या का दिसतात त्याचं कारण हे. वॅट-अवर बॅटरीवरच लिहिलेले असतात, नसले तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. फुगलेली बॅटरी घेऊन तर विमानात चढूच नका.

तर माझी विनंती अशी की त्या तीन टिप्सची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत द्यावी, आणि ती पण पहिल्यांदा छापली होती तेवढ्याच मोठ्या टाईपात, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. चौकट लिहिणाऱ्या तुमच्या लेखकांशी माझं काही वैर नाही, त्यांना जमलं तर चार्जिंगची मर्यादा कोणत्या कंपनीच्या कोणत्या मेनूत सापडते याचं एक पान स्क्रीनच्या फोटोंसकट करावं, लोक तेच येऊन विचारतात. जागेअभावी हे सगळं पत्र छापता आलं नाही तर निदान फुगलेल्या बॅटरीचा परिच्छेद तेवढा छापा, बाकीचा गाळला तरी चालेल.

आपला,
लॅपटॉप दुरुस्त करणारा एक नियमित वाचक